खाडे धरून आखलेला व्यायाम

माझ्याकडे व्यायामाच्या तीन वह्या आहेत. पहिल्या वहीत ११ पाने भरलेली आहेत आणि बाकीची कोरी आहेत. दुसरीत २६ पाने भरलेली आहेत. तिसरी मात्र शेवटच्या पानापर्यंत भरली असून तिच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलाही आकडे लिहिलेले आहेत. या तिन्ही वह्यांच्या काळात माझी नोकरी तीच होती, घर तेच होते आणि दिवसाचे तासही तितकेच होते. बदलली ती व्यायाम आखण्याची पद्धत, आणि आज मला तिच्याविषयीच सविस्तर लिहायचे आहे.

पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर मी आठवड्याचे पाच दिवस पहाटे सव्वापाच ते पावणेसात अशी वेळ लिहिली होती. समोरच्या पानावर आहाराचा तक्ता होता: साखर पूर्ण बंद, तळलेले पदार्थ बंद, रात्रीचे जेवण सातच्या आत. तीन आठवडे हे सारे तंतोतंत पाळले गेले. चौथ्या आठवड्यात मुलाला ताप आला, त्याच आठवड्यात कार्यालयातील हिशेब पूर्ण करण्याची मुदत होती, आणि सलग चार दिवस वहीला हात लागला नाही. पाचव्या दिवशी वेळ होता, तरीही मी उठले नाही. कारण योजना मोडलीच आहे, आता नव्या महिन्यापासून नव्याने सुरुवात करू, असा विचार तोवर मनात पक्का झाला होता. तो नवा महिना आठ महिन्यांनी उजाडला. त्या वेळी मी सगळा दोष स्वतःच्या इच्छाशक्तीला दिला होता. आज तीच पाने पाहताना मला दिसते, की ती योजना एका निवांत रविवारी, पोटभर झोप झालेली असताना, कोणीही आजारी नसलेल्या आणि कोणतीही मुदत डोक्यावर नसलेल्या आठवड्यासाठी आखलेली होती. तसे आठवडे माझ्या वर्षात फार तर दहा-बारा येतात. उरलेल्या चाळीस आठवड्यांसाठी त्या वहीत एकही ओळ नव्हती.

म्हणून तिसऱ्या वहीत मी उलट्या बाजूने सुरुवात केली. वर्षातला सर्वांत धकाधकीचा आठवडा डोळ्यांसमोर आणला आणि त्या आठवड्यातही मला काय करता येईल, एवढेच आधी लिहून काढले. उत्तर आले: दोन दिवस, प्रत्येकी पंधरा मिनिटे. हे फारच थोडे आहे असे वाटून मला प्रथम संकोच झाला. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचना वाचल्या तेव्हा ध्यानात आले, की प्रौढांसाठी स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामाची अपेक्षा आठवड्यातून किमान दोन दिवस अशीच आहे. अट एवढीच, की त्यात शरीरातील सर्व मोठे स्नायूगट यावेत. याच्या जोडीला आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटांची चाल किंवा तत्सम हालचाल सांगितलेली आहे, आणि पूर्वीच्या सूचनांत असलेली, ती सलग किमान दहा मिनिटे असावी ही अट या वेळी काढून टाकलेली आहे. पाच दिवसांचा आग्रह माझा मीच धरला होता.

आता माझ्या वहीत दोन प्रकारचे दिवस असतात, पूर्ण दिवस आणि किमान दिवस. पूर्ण दिवशी सुमारे चाळीस मिनिटे लागतात. त्यात बैठक, कमरेतून वाकून वजन उचलणे म्हणजे डेडलिफ्ट, छातीसमोरून ढकलण्याचा एक प्रकार, स्वतःकडे ओढण्याचा एक प्रकार आणि हातात वजन घेऊन चालणे, असे पाच प्रकार असून चालणे सोडून प्रत्येकाचे तीन सेट, म्हणजे सलग केलेल्या आवर्तनांचे तीन संच, असतात. अवघड सेटनंतर मी पूर्ण दोन मिनिटे थांबते. किमान दिवशी पहिल्या चार प्रकारांचा प्रत्येकी एकच सेट करायचा; मात्र वजन नेहमीचेच ठेवायचे, ते कमी करायचे नाही. हा तपशील महत्त्वाचा आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहभागी झालेल्यांनी १६ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस पायांचा व्यायाम केला आणि त्यानंतर ३२ आठवडे काहींनी तो पूर्ण थांबवला, काहींनी एक तृतीयांशावर, तर काहींनी एक नवमांशावर आणला. एक नवमांश म्हणजे आठवड्यातून एकच दिवस आणि प्रत्येक प्रकाराचा एकच सेट. उचलायचे वजन जड राहिले, तर एवढ्यावरही कमावलेली ताकद बहुतांशी टिकते, असे त्यात दिसून आले. साठीच्या पुढच्या मंडळींमध्ये स्नायूंचा आकार मात्र एवढ्यावर टिकला नाही; त्यांना अधिक व्यायाम लागतो. तेव्हा किमान दिवसाने प्रगती होईल असे मी म्हणत नाही. कमावलेले हातचे जाऊ नये, एवढेच काम त्याच्याकडे आहे, आणि ते काम तो चोख करतो.

असा एक किमान दिवस मला स्पष्ट आठवतो. रात्रीचे पावणेदहा वाजले होते. मी नुकतीच घरी पोहोचले होते, पिशवी अजून खांद्यावर होती आणि आता बसले तर उठणार नाही हे मला कळत होते. म्हणून पिशवी खुर्चीवर टाकली, बूट काढले आणि भिंतीशी ठेवलेली १६ किलोंची केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेले गोल वजन, दोन्ही हातांनी छातीशी धरून बैठका सुरू केल्या. पहिल्या दोन बैठकांना गुडघे कुरकुरले. तिसऱ्या बैठकीला टाचा जमिनीत रुतल्यासारख्या स्थिर झाल्या. सहाव्या बैठकीला श्वास वर येताना अडखळला आणि आठवी बैठक पूर्ण करून मी वजन खाली ठेवले. उरलेले तीन सेट करून झाले तेव्हा दहाला पाच मिनिटे होती. वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे: ‘किमान. बैठक १६ किलो, ८. झोप अपुरी.’ पुढल्या आठवड्यात मी पुन्हा पूर्ण दिवसांकडे वळू शकले, याचे कारण ती ओळ आहे असे मला मनापासून वाटते, कारण तिच्यामुळे वहीत खंड पडला नाही.

खंड आणि खाडा यांत मी फरक करते. खाडा एखाद्या दिवसाचा असतो. खंड पडतो तो त्या खाड्याचा जो अर्थ आपण लावतो त्यामुळे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांना बारा आठवडे रोज एक साधी नवी सवय लावून घ्यायला सांगितले होते. कोणी जेवणाबरोबर फळ खायचे ठरवले, कोणी पाणी प्यायचे, कोणी व्यायाम करायचा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत सवय अंगवळणी पडायला सर्वसाधारणपणे ६६ दिवस लागतात असे दिसले, पण व्यक्तीगणिक हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता, आणि व्यायामासारख्या सवयीला पाणी पिण्याहून अधिक काळ लागत होता. एकवीस दिवसांत सवय लागते हे सर्वत्र ऐकू येणारे वाक्य मी तेव्हापासून मनातून काढून टाकले. मला अधिक मोलाचा वाटला तो त्यातील दुसरा निष्कर्ष: मध्येच एक संधी हुकली, तरी सवय जडण्याच्या प्रक्रियेवर तिचा फारसा परिणाम झाला नाही. म्हणून आता मी महिन्याची आखणी करतानाच दोन खाडे धरून चालते. ते वापरावे लागले नाहीत तर आनंदच आहे. वापरावे लागले, तर ते योजनेच्या आतच असतात.

व्यायामाची वेळ ठरवण्याबाबतही माझे मत बदलले आहे. रोज पहाटे उठून व्यायाम करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. परंतु ज्या घरात लहान मूल आहे किंवा ज्याची कामाची पाळी बदलती आहे, त्याने घड्याळाशी व्यायाम बांधू नये. त्याने तो एखाद्या हमखास घडणाऱ्या गोष्टीशी बांधावा. मंगळवारी मुलगा अभ्यासाला बसला की मी व्यायामाला सुरुवात करते. तो कधी सातला बसतो, कधी साडेआठला, पण बसतो हे नक्की. पर्यायही आधीच ठरलेला असतो: मंगळवार हुकला तर बुधवार, आणि बुधवारही हुकला तर गुरुवारी किमान दिवस. हा निर्णय दमलेल्या संध्याकाळी घ्यावा लागत नाही, हाच त्याचा खरा लाभ आहे. घरातील इतरांनाही हे दिवस माहीत असले पाहिजेत. माझ्या पतींना मी हा तक्ता दाखवला, तेव्हापासून त्या चाळीस मिनिटांत दारावरची घंटा आणि फोन ते पाहतात. त्यांच्या कामाच्या मुदतीच्या दिवसांत मी तेच त्यांच्यासाठी करते.

वही कशासाठी, असे मला अनेक जण विचारतात. ताकदीच्या व्यायामाचे मूळ तत्त्वच मुळी हळूहळू वाढत जाणाऱ्या भाराचे आहे. १९४० च्या दशकात अमेरिकी लष्करातील डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी जायबंदी सैनिकांच्या पायांतील ताकद परत आणण्यासाठी ठरावीक आवर्तनांच्या संचांत, टप्प्याटप्प्याने वजन वाढवत नेण्याची पद्धत वापरली आणि १९४५ साली ती प्रसिद्ध केली. आज कोणत्याही जिममध्ये ‘दहाचे तीन सेट’ असे जे ऐकू येते, त्यामागे त्यांचे काम आहे. भार वाढवायचा असेल, तर मागच्या वेळी तो किती होता हे ठाऊक असायला हवे, आणि गजबजलेल्या आठवड्यानंतर ते कोणाच्याही लक्षात राहत नाही. माझा नियम सोपा आहे. एखाद्या वजनाने तिन्ही सेटमध्ये बारा आवर्तने नीट झाली, की पुढच्या वेळी वजन एका टप्प्याने वाढवायचे आणि पुन्हा आठ आवर्तनांपासून वर जायचे. शेवटच्या सेटमध्ये आणखी एक-दोन आवर्तने शिल्लक आहेत असे वाटत असतानाच थांबायचे.

नवशिक्यांना वहीचा आणखी एक आधार असतो. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेच्या शिकण्यामुळे वाढते. मेंदू असलेल्याच स्नायूंमधील अधिक तंतू अधिक चांगल्या रीतीने कामाला लावू लागतो, तर स्नायूंची डोळ्यांना दिसेल अशी वाढ त्यामागून येते. त्यामुळे आरशात महिनाभर काहीच बदल दिसत नाही, आणि नेमके त्याच काळात अनेक जण व्यायाम सोडतात. माझ्या दुसऱ्या वहीचेही तसेच झाले. तिच्या २६ पानांत मी रोज सकाळचे शरीराचे वजन लिहिले होते, उचललेले वजन लिहिलेच नव्हते. जे पाणी आणि मीठ यांच्या कमी-जास्तीने एका दिवसात किलोभर हलते, त्या आकड्यावर मी माझा उत्साह टांगून ठेवला होता.

आहाराच्या बाबतीत मला अधिक वेळ लागला. काय खावे याचे ज्ञान मला नव्हते असे नाही, ते जवळजवळ सर्वांनाच असते. अडचण संध्याकाळी आठ वाजता येते, जेव्हा भूक लागलेली असते, डोके शिणलेले असते आणि समोर जे तयार असेल तेच तोंडात जाते. त्या क्षणी स्वतःशी झगडून मी क्वचितच जिंकले. म्हणून मी त्या क्षणाची तयारी आधी करायला शिकले. आठवड्यातून दोनदा कडधान्ये भिजवून, शिजवून ठेवायची, सहा-आठ अंडी उकडून ठेवायची, भाज्या धुऊन आणि चिरून झाकणाच्या डब्यांत भरायच्या, आणि हे डबे फ्रिजमध्ये डोळ्यांच्या उंचीवर ठेवायचे. बिस्किटांचा डबा घरात आहे, पण तो वरच्या फडताळात आहे आणि त्यासाठी स्टूल घ्यावे लागते. एवढ्या साध्या मांडणीने जे साधले, ते माझ्या पहिल्या वहीतील बंदीच्या यादीने कधी साधले नव्हते.

प्रथिनांचा हिशेब मात्र प्रत्येकाने एकदा कागदावर करावा, असा माझा आग्रह आहे. प्रौढांसाठी सर्वसाधारणपणे शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिने सांगितली जातात. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांना अधिक लागतात. २०१८ सालच्या, ४९ प्रयोगांचा एकत्रित विचार करणाऱ्या एका विश्लेषणानुसार सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत वाढवल्याचा लाभ दिसतो आणि त्यापुढे सरासरी लाभ वाढत नाही. माझे वजन ६० किलो, म्हणजे ९६ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात सुमारे ८, पन्नास ग्रॅम कोरड्या मसुरीत सुमारे १२, शंभर ग्रॅम माशात साधारण २० ग्रॅम, असा हिशेब मांडला तेव्हा मला कळले, की मी दिवसभरात कशीबशी ४५ ग्रॅम प्रथिने खात होते आणि त्यांतील निम्मी रात्रीच्या एकाच जेवणात. तेव्हापासून ताटात प्रथिने कुठे आहेत, हा प्रश्न मी प्रत्येक जेवणापूर्वी विचारते. उष्मांक मोजत बसत नाही. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये.

व्यायामाला जसा किमान दिवस, तसे जेवणालाही किमान जेवण हवे. दहा मिनिटांत होणारे, सामान नेहमी घरात असणारे आणि विचार न करता करता येणारे असे एक जेवण प्रत्येकाने ठरवून ठेवावे. माझे ठरलेले आहे: तीन अंडी, डब्यातील चिरलेली भाजी त्याच तव्यावर परतलेली, आणि एक फळ. ते फार चविष्ट नसते, पण बाहेरून काही मागवण्याआधी ते तयार होते. आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन: व्यायाम आणि आहार हे दोन्ही एकाच सोमवारी बदलू नयेत. मी आधी दोन महिने फक्त व्यायामाचे दोन दिवस सांभाळले, मग न्याहारी बदलली, आणि रात्रीच्या जेवणाला हात घातला तो त्यानंतर तीन महिन्यांनी.

झोपेविषयी थोडक्यात लिहिते, कारण व्यग्र माणूस वेळ काढतो तो बहुधा झोपेतूनच. २०१० सालच्या एका लहान प्रयोगात वजन कमी करणाऱ्या त्याच व्यक्तींना दोन आठवडे साडेआठ तास आणि दुसरे दोन आठवडे साडेपाच तास झोपेची मुभा दिली होती, आहार तेवढाच कमी ठेवला होता. कमी झोपेच्या काळात घटलेल्या वजनातील चरबीचा वाटा ५५ टक्क्यांनी कमी झाला आणि स्नायूंसह चरबीव्यतिरिक्त भाग अधिक घटला. हे वाचल्यापासून पहाटे व्यायाम करता यावा म्हणून मी झोप मोडत नाही.

गेल्या वर्षी आईच्या खुब्याचे हाड मोडले आणि सलग १९ दिवस माझ्या वहीत एकही नोंद झाली नाही. रुग्णालयातून घरी आणल्यावर पहिल्या दिवशी तिला पलंगावरून खुर्चीत बसवायचे होते. फिजिओथेरपिस्टने शिकवले होते तसे मी पाय रोवून तिच्यासमोर उभी राहिले, कमरेतून वाकले, पाठ सरळ ठेवली, तिचे हात माझ्या खांद्यांवर आले आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणत मी नितंबांच्या जोरावर उठले. मी वर्षभर जे डेडलिफ्ट वहीत लिहीत होते, तीच ही हालचाल होती. आई तेव्हा हलकेच म्हणाली, “तू मला ओढलं नाहीस गं, उचललंस.” माझ्या कंबरेत कळ आली नाही. त्या क्षणी मला त्या सगळ्या पंधरा-पंधरा मिनिटांचा हिशेब लागला.

विसाव्या दिवशी मी पुन्हा सुरू केले तेव्हा वजने साधारण एक तृतीयांशाने कमी केली, पहिल्या आठवड्यात दोनच सेट केले आणि तिसऱ्या आठवड्यात जुन्या आकड्यांवर परतले. एकदा कमावलेली ताकद दुसऱ्यांदा कमावताना फार कमी वेळ लागतो, हे मला तेव्हा स्वतःच्या शरीरावर पाहायला मिळाले. मोठ्या खंडानंतर पहिल्याच दिवशी जुने वजन उचलायला जाऊ नये. एक ते तीन दिवस अंग असे आंबते, की दुसरा दिवस आपोआप हुकतो.

त्याच सुमारास मी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाविषयी वाचले. त्यात वृद्धाश्रमातील सरासरी ९० वर्षे वयाच्या दहा अशक्त व्यक्तींनी आठ आठवडे पायांचा जड व्यायाम केला होता. एक जण मध्ये थांबला. उरलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. आईचे वय ७४ आहे. डॉक्टरांची परवानगी आल्यावर मी तिच्यासाठी माझ्या वहीच्या मागच्या बाजूने पाने आखली. तिचा व्यायाम एकच आहे: खुर्चीवर बसायचे आणि उठायचे, सुरुवातीला दोन्ही हातांनी टेबल धरून, मग एका हाताने. पहिल्या नोंदीत तिच्यापुढे ‘३, २’ असे लिहिले आहे. परवाची नोंद ‘८, ८, ७’ अशी आहे आणि शेजारी तिने स्वतःच्या हाताने ‘हात न लावता’ असे लिहून त्याखाली रेघ ओढली आहे.

पुढचा आठवडा माझ्यासाठी कठीण आहे. तीन दिवस प्रवास आहे, परतल्यावर वार्षिक तपासणी आहे आणि मुलाची परीक्षाही त्याच दिवसांत आहे. वहीत मी मंगळवार आणि शनिवार, दोन्हींसमोर आत्ताच ‘किमान’ असे लिहून ठेवले आहे. प्रवासात वजने नसतील, तेव्हा मंगळवारी एका पायावरच्या बैठका, जोर आणि पिशवीत पुस्तके भरून ओढण्याचा एक सेट होईल, शनिवारी केटलबेल. रविवारी अंडी उकडून ठेवण्याचे काम या वेळी मुलाने मागून घेतले आहे.